एचआयव्हीच्या काट्याच्या तीन अवस्था: प्रकाशाचं मापन आणि रचनेचं चित्र जुळलं नाही तेव्हा

प्रश्न कुठून आला

२०१३ च्या अखेरीस एचआयव्हीच्या काट्याची बारकाईची रचना पहिल्यांदा नीट हाती आली, तीही दोन वाटांनी: स्फटिकावर क्ष-किरण टाकून आणि क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीने, म्हणजे गोठवलेल्या नमुन्याची इलेक्ट्रॉनने चित्रं काढून. हा काटा म्हणजे एन्व्ह हे प्रथिन. जीपी१२० चे तीन आणि जीपी४१ चे तीन तुकडे मिळून त्याचं त्रिकूट होतं आणि ते विषाणूच्या पडद्यातून बाहेर डोकावतं. एका विषाणूकणावर असे साधारण ७ ते १४ काटे असतात. इतर बऱ्याच विषाणूंच्या मानाने हा आकडा फार लहान आहे.

नैसर्गिक काटा स्वभावाने चंचल. त्याचा स्फटिक सहजी होत नाही. म्हणून रचनेसाठी वापरलेला नमुना हा बांधून ठेवलेला काटा होता. त्याचं नाव सोसिप.६६४. यात प्रथिनाच्या साखळीतल्या ५०१ आणि ६०५ या जागी सिस्टीन हे अमिनो आम्ल घालून गंधकाचा पूल बांधलाय, ५५९ व्या जागी आयसोल्युसिन काढून प्रोलीन घातलंय आणि ६६४ च्या पुढचा भाग कापून टाकलाय. म्हणजे पडद्यात रुतणारा भाग नाहीच. हा काटा पाण्यात विरघळतो, स्थिर राहतो, त्याचं चित्र छान येतं. लस घडवणाऱ्यांनी त्याच्याभोवती मोठं काम उभं केलं, आणि बहुतेकांनी धरून चालवलं की विषाणूवरचा बंद, अजून काही न चिकटलेला काटा असाच दिसत असणार.

त्या गृहीतकाला धक्का दिला तो प्रकाशाच्या पद्धतीने. नोव्हेंबर २०१४ मध्ये ‘सायन्स’मध्ये जेम्स मन्रो, स्कॉट ब्लँचर्ड, वॉल्थर मोथेस आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला. अखंड विषाणूकणावरचा एकेक काटा सुटा पकडून त्यांनी त्याची हालचाल मोजली. काहीच चिकटलेलं नसतानाही काटा तीन अवस्थांमध्ये ये-जा करत होता. सीडी४ हा रिसेप्टर, म्हणजे विषाणू पेशीवरच्या ज्या प्रथिनाला धरतो ते, आणि दुसऱ्या रिसेप्टरची नक्कल करणारी १७बी ही अँटीबॉडी घातली की तिन्ही अवस्थांचं प्रमाण बदलत होतं. मग २०१९ मध्ये ‘नेचर’मध्ये याच मंडळींच्या गटाने तीच पद्धत थेट सोसिपवर आणि रचनेसाठी वापरलेल्या इतर नमुन्यांवर लावली. त्यात हे नमुने प्रामुख्याने दुसऱ्या-तिसऱ्या अवस्थेत आढळले. विषाणूवरच्या काट्याची जी पहिली, ‘अजून न छेडलेली’ अवस्था, तिचं बारकाईचं चित्र आपल्याकडे नाहीच, असा त्याचा अर्थ निघाला.

हा निष्कर्ष किती भक्कम आहे, हे ठरवायचं तर मापन कसं होतं आणि आकडा कुठे कुठे घसरू शकतो हे आतून पाहावं लागतं. निबंधाचा सारांश वाचून बाजू घेणारे दोन्हीकडे पुष्कळ आहेत.

मोजपट्टी

पद्धतीचं नाव एकरेणू फ्रेट. जीपी१२० वर दोन जागी दोन डाय, म्हणजे प्रकाश देणारे रंगरेणू, लावायचे: एक दाता, हिरव्या लेझरने चेतणारा, दुसरा ग्राही, लाल प्रकाश देणारा. दोन्ही जवळ असतील तर दात्याची ऊर्जा प्रकाशाच्या रूपात बाहेर न पडता सरळ ग्राहीकडे जाते. किती ऊर्जा गेली त्या प्रमाणाला कार्यक्षमता म्हणतात, ० ते १ मधला आकडा. अंतराला फर्स्टर अंतराने (ज्या अंतरावर कार्यक्षमता निम्मी होते ते) भागा, सहावा घात करा, त्यात १ मिळवा आणि १ ला त्याने भागा, झाली कार्यक्षमता. सीवाय३-सीवाय५ सारख्या जोडीचं फर्स्टर अंतर ५.५ ते ६ नॅनोमीटरच्या आसपास असतं.

या कामातल्या तीन अवस्थांचे आकडे साधारण असे: पहिली ०.१ ते ०.१५, दुसरी ०.६ च्या आसपास, तिसरी ०.३५ च्या जवळ. फर्स्टर अंतर ५.६ नॅनोमीटर धरलं तर ०.१५ म्हणजे सुमारे ७.५ नॅनोमीटर, ०.६ म्हणजे ५.२ आणि ०.३५ म्हणजे ६.२. पहिल्या आणि दुसऱ्या अवस्थेत २ नॅनोमीटरहून जास्त फरक आहे. हा फरक प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला एरवी दिसणं शक्यच नाही.

पण मोजपट्टी सगळीकडे सारखी बारीक नाही. ०.५ च्या आसपास अंतर ०.१ नॅनोमीटरने हललं तर आकडा जवळपास ०.०२७ ने हलतो, ०.१५ ला तेवढ्याच हालचालीला फक्त ०.०१ चा फरक पडतो. म्हणजे सगळ्या वादाचं मूळ असलेली पहिली अवस्था नेमकी मोजपट्टीच्या बोथट टोकाला आहे. हे लक्षात ठेवूनच पुढचं वाचावं.

नमुना: एका कणावर एकच डायवाला काटा

डाय चिकटवायला जीपी१२० च्या व्ही१ आणि व्ही४ या लवचिक लूपमध्ये दोन छोटे पेप्टाइड घातले जातात. व्ही१ मध्ये ६ अमिनो आम्लांचा क्यू३, व्ही४ मध्ये १२ अमिनो आम्लांचा ए१. क्यू३ वर ट्रान्सग्लुटामिनेज हे एन्झाइम दाता डाय बसवतं, ए१ वर एसीपीएस हे एन्झाइम ग्राही डाय बसवतं. पहिल्याला कॅल्शियम लागतं, दुसऱ्याला मॅग्नेशियम, म्हणून बफरमध्ये दोन्ही १० मिलिमोलर, हेपेस ५० मिलिमोलर, पीएच ७.५. डाय साधारण ०.५ मायक्रोमोलर, आणि नमुना खोलीच्या तापमानाला रात्रभर ठेवायचा. ट्रान्सग्लुटामिनेज असलेल्या नळीत चुकूनही ईडीटीए हे धातूंचे आयन पकडणारं रसायन गेलं की कॅल्शियम बांधलं जातं आणि दाता डाय बसतच नाही. सकाळी नुसता लाल संकेत दिसला तर सर्वांत आधी बफरची बाटली तपासावी.

खरी मेख आहे ती प्लाझ्मिडच्या, म्हणजे पेशीला प्रथिनाची कृती देणाऱ्या डीएनएच्या कड्यांच्या, प्रमाणात. पेशींमध्ये साधा एन्व्ह आणि पेप्टाइड घातलेला एन्व्ह यांचे प्लाझ्मिड ४० ला १ या प्रमाणात सोडतात. इतकं विरळ का, ते हिशेब केला की कळतं. एका कणावर १० काटे धरा, म्हणजे जीपी१२० चे ३० तुकडे. प्रत्येक तुकडा पेप्टाइडवाला असण्याची शक्यता ४१ त १. तर सुमारे ४८ टक्के कणांवर असा एकही तुकडा नसतो, ३६ टक्क्यांवर नेमका एक आणि जवळपास १७ टक्क्यांवर दोन किंवा जास्त. एकाच काट्यात दोन पेप्टाइडवाले तुकडे असणारे कण २ टक्क्यांहूनही कमी. तेच प्रमाण १० ला १ केलं तर एकच तुकडा असलेले कण १७ टक्के उरतात आणि दोन किंवा जास्त असलेले ७७ टक्क्यांवर जातात. मग एका तुकड्याचा दाता आणि शेजारच्या तुकड्याचा ग्राही अशी जोडी जमते आणि आकडा कशाचा आहे तेच सांगता येत नाही.

याची किंमत अशी, की निम्मे कण अंधारात राहतात आणि डाय दोन्ही जागी पूर्ण बसत नसल्याने कामाचे कण त्याहून कमी मिळतात. विषाणू मात्र भरपूर लागतो. नवख्याला वाटतं, प्रमाण थोडं वाढवलं तर काम लवकर उरकेल. तसं केलं की आकडे भराभर मिळतात आणि अर्थ हरवतो.

विषाणू तयार होतो २९३टी या मानवी पेशींमध्ये. आतला सांगाडा एनएल४-३ या एचआयव्ही जातीचा, पण वाढीला लागणारं रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज हे एन्झाइम काढून टाकलेला. असा कण पुढे वाढू शकत नाही, म्हणून सूक्ष्मदर्शकाच्या टेबलावर हाताळता येतो. प्लाझ्मिड सोडल्यावर दोनेक दिवसांनी वरचं माध्यम काढायचं, ०.४५ मायक्रोमीटरच्या फिल्टरमधून गाळायचं आणि १५ टक्के सुक्रोजच्या थरावरून अल्ट्रासेंट्रिफ्यूजमध्ये खाली बसवायचं. डाय लावून झाल्यावर बायोटिन जोडलेलं लिपिड घालून अर्धा तास ठेवायचं. ते विषाणूच्या पडद्यात आपणहून शिरतं, आणि त्याचं बायोटिन स्लाइडवरच्या स्ट्रेप्टॅव्हिडिन या प्रथिनाला चिकटून कण धरून ठेवतं. मग ६ ते १८ टक्के ऑप्टिप्रेप या दाट द्रावणाच्या उतरत्या थरातून पुन्हा फिरवून सुटा डाय आणि सुटं लिपिड बाजूला काढायचं. ही शेवटची पायरी टाळली तर स्लाइडवर स्ट्रेप्टॅव्हिडिनच्या जागा सुट्या लिपिडनेच भरतात आणि कण चिकटतच नाहीत.

पेप्टाइड घातल्याने काटा बिघडलाय का, हे स्वतंत्रपणे पाहावं लागतं: पेप्टाइडवाल्या एन्व्हचेच कण करून त्यांची संसर्गक्षमता साध्या कणांशी ताडून पाहायची आणि ओळखीच्या अँटीबॉडींना ते तसाच प्रतिसाद देतात का तेही बघायचं. पुढच्या काळात पेप्टाइडऐवजी एकच कृत्रिम अमिनो आम्ल घालून त्यावर क्लिक रसायनाने डाय बसवायची वाट आली. तिच्यात काट्याची मोडतोड कमी होते. मात्र कृत्रिम अमिनो आम्ल थांब-संकेताच्या जागी बसत असल्याने पूर्ण लांबीचं प्रथिन कमी तयार होतं, आणि विषाणूच्या स्वतःच्या जनुकांत तोच थांब-संकेत असेल तर तिथेही गोंधळ होतो.

प्रकाश

क्वार्ट्झच्या स्लाइडवर प्रिझम ठेवून ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेझर अशा कोनात सोडतात की प्रकाश काचेतच पूर्ण परावर्तित होतो आणि पाण्यात फक्त १०० नॅनोमीटरच्या आसपास खोलीपर्यंत त्याचा अंश झिरपतो. एचआयव्हीचा कणही साधारण तेवढ्याच व्यासाचा, त्यामुळे कण उजळतो आणि वरचं द्रावण काळं राहतं. पण कणाच्या वरच्या टोकाचा काटा आणि काचेजवळचा काटा यांना सारखा प्रकाश मिळत नाही. फ्रेट हे गुणोत्तर असल्याने आकडा फारसा बदलत नाही, गोंगाट मात्र बदलतो.

चित्रं सेकंदाला २५, म्हणजे एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. ऑक्सिजन काढायला पीसीए आणि पीसीडी ही जोडी, शिवाय डायला अंधाऱ्या अवस्थेत अडकू न देणारी ट्रोलॉक्स, सायक्लोऑक्टाटेट्राईन आणि नायट्रोबेन्झिल अल्कोहोल ही त्रयी. पीसीए आम्ल आहे. साठ्याचा पीएच नीट न जुळवता ते ओतलं तर बफर खाली घसरतो, आणि पीएचला संवेदनशील असलेल्या इन्फ्लुएन्झासारख्या विषाणूवर काम चालू असेल तर प्रयोग तिथेच संपतो.

प्रत्येक ठिपक्यातून दोन रेषा मिळतात, दात्याची आणि ग्राहीची. एक खाली गेली की दुसरी वर आली पाहिजे. शेवटी एक डाय विझतो, तो एकाच पायरीत विझला पाहिजे. दोन पायऱ्या दिसल्या तर त्या कणावर दोन डाय होते. तो आलेख टाकून द्यायचा.

आकडे कुठे फसवतात

पहिला सापळा गळतीचा. दात्याचा थोडा प्रकाश ग्राहीच्या वाटेत झिरपतोच. तो ८ टक्के धरा. ग्राही विझलेला असेल, म्हणजे खरी कार्यक्षमता शून्य असेल, तरी कच्चा आकडा ०.०७ च्या पुढे येतो. आणि खरा ०.१५ असेल तर तो ०.२० दिसतो. दुरुस्ती सोपी आहे, वजाबाकीच आहे. पण तिचा गुणक प्रत्येक उपकरणावर, प्रत्येक फिल्टर-जोडीला, फक्त दाता डाय लावलेल्या नमुन्यावरून मोजावा लागतो. दुसऱ्याच्या निबंधातून उचललेला गुणक कमी आकड्यांच्या अवस्थेत हमखास नडतो.

दुसरा सापळा जास्त गंभीर. ग्राही डाय अधूनमधून काही क्षण लुकलुकतो. तेवढ्या वेळात दात्याची ऊर्जा जायला जागा नसते आणि आलेख थेट शून्याजवळ आपटतो. पहिली अवस्था आहे ०.१ ते ०.१५ ला. गोंगाटात शून्य आणि ०.१२ यांत फरक करणं म्हणजे डोळ्याला ताण आणि गणिताला परीक्षा. यावर खात्रीचा उपाय एकच: मधूनमधून लाल लेझर मारून ग्राही जिवंत आहे का ते थेट विचारायचं. लाल लेझरला उत्तर देतोय आणि तरी फ्रेट कमी आहे, तर अंतर खरंच जास्त आहे. उत्तर नाही, तर तो तुकडा हिशेबात धरायचा नाही. हे न करता ‘पहिल्या अवस्थेत ५० टक्के’ असं लिहिणाऱ्या आलेखांवर मी तरी विसंबणार नाही.

तिसरा सापळा फ्रेमच्या लांबीचा, आणि तो अंकगणितातच दडलेला आहे. समजा काट्याने ०.१५ वरून ०.६ वर उडी मारली आणि ती नेमकी एका फ्रेमच्या मध्यावर. कॅमेरा दोन्हींची सरासरी टिपतो: ०.३७. ही तर जवळजवळ तिसऱ्या अवस्थेची किंमत! म्हणजे पहिली-दुसरी या दोनच अवस्था खऱ्या असत्या तरी प्रत्येक उडीच्या जागी एका फ्रेमची खोटी तिसरी अवस्था उगवली असती. खरी तिसरी अवस्था ओळखायची ती मुक्कामावरून. एका फ्रेमचे मुक्काम बाजूला ठेवून पाहायचं की अनेक फ्रेम टिकणारे मुक्काम उरतात का. मग सीडी४ आणि १७बी घालून ते वाढतात का. या प्रकरणात वाढतात. म्हणूनच तिसरी अवस्था मानायला हरकत नाही.

आलेखांचं वर्गीकरण हिडन मार्कोव्ह मॉडेलने होतं. मॉडेलला फक्त गोंगाटाची रेषा दिसते. अवस्था किती, प्रत्येकीची किंमत काय, कुठून कुठे किती वेळा उडी होते, हे ते शक्यतेच्या हिशेबाने ठरवतं. अवस्थांची संख्या वाढवली की जुळणी सुधारतेच, त्यामुळे जास्त अवस्थांना दंड लावणारे निकष वापरावे लागतात. पण त्या निकषांचं एक वैगुण्य आहे: डेटा भरपूर झाला की गळतीतल्या छोट्या फरकांनाही ते नवी अवस्था समजतात. म्हणून संगणकाने तीन म्हटलं एवढ्यावर थांबू नये. ज्ञात अवस्थांचे कृत्रिम आलेख तयार करावेत, त्यांत तेवढाच गोंगाट, तेवढीच फ्रेम, तेवढंच लुकलुकणं घालावं, आणि तेच मॉडेल त्यावर चालवून पाहावं. दोन अवस्थांच्या कृत्रिम आलेखांतून मॉडेल तीन काढत असेल तर खऱ्या डेटातल्या तीनचाही भरवसा नाही. या चाचणीला दुपार पुरते, तरी ती वगळलेली दिसते.

मोजमापातली चूक दाखवणारी पट्टी (एरर बार) काढतानाही गडबड होते. एका स्थितीला काही शे आलेख असतात आणि ते स्वतंत्र मोजमापं मानून काढलेली चूक फार लहान येते. खरा चढउतार असतो विषाणूच्या एका तयारीपासून दुसऱ्या तयारीपर्यंत. किमान तीन वेगळ्या तयारी, वेगळ्या दिवशी, आणि चूक त्यांच्यातल्या फरकावरून.

रचनेपासून आकड्यापर्यंत

आता उलट बाजू. आपल्याकडे सोसिपची रचना आहे. तिच्यावरून फ्रेटचा आकडा काढून तो ०.१५ ला जुळतो की ०.६ ला, एवढं पाहिलं की वाद मिटायला हवा. वाटतं तितकं सोपं नाही.

पहिली अडचण लूपची. डाय बसवले आहेत ते व्ही१ आणि व्ही४ वर, आणि हेच लूप इतके हलतात की कित्येक रचनांमध्ये त्यांचे काही भाग दिसतच नाहीत. ते संगणकाने घडवून घालावे लागतात. वर पेप्टाइड, त्यावर लांब जोडदांडी, टोकाला डाय. डाय आपल्या जागेपासून १ ते २ नॅनोमीटरवर कुठेही फिरू शकतो. म्हणून एका अंतराऐवजी अंतरांचा पसारा काढतात: डायला जिथे जिथे जाता येईल तो सगळा अवकाश मोजायचा, आणि दोन अवकाशांमधल्या सगळ्या जोड्यांची कार्यक्षमता काढून सरासरी घ्यायची. आधी अंतरांची सरासरी आणि मग कार्यक्षमता, हा क्रम चुकीचा. सहाव्या घातामुळे दोन्हींची उत्तरं वेगळी येतात.

काट्यावर साखरेच्या साखळ्यांची दाट झूल असते. ती वगळून काढलेला अवकाश फार मोठा येतो, कारण प्रत्यक्षात डायची निम्मी वाट साखरेने अडवलेली असते. शिवाय डाय प्रथिनाला चिकटून बसला तर त्याची दिशा ठरून जाते आणि फर्स्टर अंतरच बदलतं. ध्रुवीकरणाची चाचणी करून तो मोकळा फिरतोय ना ते बघावं लागतं.

मग रेणू-गतिकीचं सिम्युलेशन, म्हणजे अणूंची हालचाल संगणकावर पावलापावलाने काढणं, सगळं सोडवेल का? वेळेचं अंतर बघा. साखर आणि पाणी धरून अणूंची संख्या सहज काही लाखांत जाते. एक पाऊल २ फेम्टोसेकंदांचं. १ मायक्रोसेकंद गाठायला ५० कोटी पावलं लागतात. कॅमेऱ्याची एकच फ्रेम गाठायची तर २० लाख कोटी. पहिल्या अवस्थेतून दुसरीत जाणारी उडी सरळ सिम्युलेशनमध्ये पाहायची आशा सोडून द्यावी. सिम्युलेशनला ढकलून एका रचनेकडून दुसरीकडे नेता येतं, पण त्यासाठी दोन्ही टोकांच्या रचना माहीत असाव्या लागतात. इथे तर एक टोकच गायब आहे. सिम्युलेशनने करायचं काम मर्यादित आणि उपयुक्त आहे: दिलेल्या रचनेभोवती लूप, साखर आणि डाय किती डुलतात ते सांगणं, आणि कोणत्या जागी डाय लावले तर दोन अवस्था सर्वांत वेगळ्या दिसतील ते आधी सुचवणं. इन्फ्लुएन्झाच्या हिमॅग्लुटिनिन या काट्यावर २०१८ मध्ये मन्रोंच्या गटाने एकरेणू फ्रेट आणि सिम्युलेशन असंच एकत्र वापरलं. तिथे आधीची आणि नंतरची अशा दोन्ही रचना हाताशी होत्या, म्हणून सांगड बसली.

एन्व्हच्या बाबतीत गणिताने काढलेल्या अंतरात १ नॅनोमीटरची चूक धरायला हवी. तिन्ही अवस्थांमधलं एकूण अंतर सव्वादोन. तेव्हा निव्वळ गणितावरून सोसिपची रचना कोणत्या अवस्थेची ते सांगणं धाडसाचं ठरतं.

२०१९ ची चाल

या कोंडीतून निघायला २०१९ च्या गटाने गणित सुधारत बसण्याऐवजी रचनेचा नमुनाच लेझरखाली ठेवला. तीच डायची जोडी, त्याच जागा, तोच कॅमेरा, तेच मॉडेल. एका बाजूला अखंड विषाणूवरचा काटा, दुसऱ्या बाजूला सोसिप.६६४, आणि शेपूट कापलेला जेआर-एफएल जातीचा काटा, ज्याचं क्रायो-चित्र पीजीटी१५१ अँटीबॉडीसह काढलं गेलं होतं. अशा तुलनेत अंतराचा खरा आकडा काय याला महत्त्व राहत नाही. लूप कसे डुलतात, साखर किती अडवते, फर्स्टर अंतर नेमकं किती, या सगळ्या चुका दोन्ही बाजूंना सारख्याच पडतात आणि वजा होतात. या सगळ्या प्रकरणातला सर्वांत हुशार निर्णय माझ्या मते हाच.

त्याला छिद्रं नाहीत असं नाही. सोसिपला पडदा नाही, त्यामुळे तो बायोटिन-लिपिडने धरता येत नाही. धरायची तऱ्हा बदलली की काट्यावरचा ताणही बदलू शकतो. विरघळलेल्या नमुन्यात डाय लावणं सोपं जातं, म्हणून तिथे एका त्रिकुटात दोन डायवाले तुकडे शिरणार नाहीत याची वेगळी काळजी घ्यावी लागते. आणि ‘प्रामुख्याने दुसरी अवस्था’ म्हणजे सगळे नव्हेत. प्रत्येक नमुन्यात तिन्ही अवस्थांचं मिश्रण आहेच. रचनेचं चित्र काढताना हजारो कणांतून एकसारखे निवडले जातात, त्यामुळे चित्रातला काटा हा मिश्रणातला कोणता, हा प्रश्न उरतो. टीकाकार यावर बोट ठेवतात ते रास्त आहे.

पहिल्या अवस्थेच्या बाजूने सर्वांत वजनदार साक्ष मात्र लिगँडांची, म्हणजे काट्याला चिकटणाऱ्या रेणूंची, आहे. एकाच पद्धतीने, एकाच विषाणूवर, सीडी४ घातला की पहिल्या अवस्थेचं प्रमाण घटतं. अनेक व्यापक परिणामाच्या अँटीबॉडी आणि बीएमएस-६२६५२९ हे औषध-रेणू घातले की ते वाढतं. लुकलुकणाऱ्या डायला सीडी४ ची खबर नसते. डायच्या दोषातून आलेली अवस्था लिगँडप्रमाणे अशी दोन्ही दिशांना, अपेक्षित क्रमाने, सरकली नसती. या बीएमएस रेणूचं पूर्वरूप, म्हणजे शरीरात गेल्यावर त्याच्यात बदलणारं औषध, म्हणजे फॉस्टेम्सावीर, ज्याला अमेरिकेच्या एफडीएने २०२० मध्ये मान्यता दिली. दुसरी औषधं चालेनाशी झालेल्या रुग्णांना ते दिलं जातं.

२०१८ मध्ये आलेल्या एका कामाने दुसऱ्या अवस्थेचा अर्थही बराच स्पष्ट केला. एकाच सीडी४ ने धरलेला, अर्धवट उघडलेला, तुकडे एकसारखे नसून वेगवेगळ्या ढंगात असलेला काटा त्या अवस्थेत सापडतो; तिन्ही जागा सीडी४ ने भरल्या की तिसरी. म्हणजे काटा तिन्ही बाजूंनी एकदम उमलत नाही, एका बाजूने सुरुवात होते.

हेच काम दुसऱ्या विषाणूवर न्यायचं असेल

यंत्रणा हलवता येते हे २०२० मध्ये सार्स-कोव्ह-२ च्या काट्यावर दिसलं. तिथे चार अवस्था निघाल्या, साधारण ०.१, ०.३, ०.५ आणि ०.८ ला, आणि एसीई२ हा त्याचा रिसेप्टर घातल्यावर काटे ०.१ कडे सरकले. पण डायच्या जागा मात्र प्रत्येक वेळी नव्याने शोधाव्या लागतात.

आपल्याकडच्या वाचकाला यातला एक मुद्दा थेट लागू आहे. वर सांगितलेलं बहुतेक काम एनएल४-३, जेआर-एफएल आणि बीजी५०५ या जातींवर झालं. पहिल्या दोन उपप्रकार बी च्या, तिसरी ए ची. भारतातला एचआयव्ही मुख्यतः उपप्रकार सी चा. व्ही१ आणि व्ही४ या लूपची लांबी आणि त्यांवरच्या साखरेच्या जागा जातीगणिक बदलतात. म्हणून सी च्या काट्यावर क्यू३ आणि ए१ जुन्या क्रमांकाच्या जागी चिकटवून भागणार नाही. आधी रचनेवर डायचा अवकाश मोजून पाच-सहा जागा निवडाव्यात, प्रत्येकीची संसर्गक्षमता पाहावी, टिकतील त्यांच्याच कणांवर लाल लेझरची चाचणी करावी, आणि मग ४० ला १ चं मिश्रण करून मोजमापाला बसावं. पहिल्या फेरीत सीडी४ आणि बीएमएस रेणू हे दोनच लिगँड पुरेत. दोन्हींना आलेख विरुद्ध दिशांना हलले नाहीत तर डायच्या जागा बदलाव्यात. मॉडेलचे आकडे खालीवर करत बसू नये.